समता मनाची आणि समता माणसांची

आरोग्य म्हटले की आपल्याला ताप, खोकला, रक्तदाब, साखर एवढेच आठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत मात्र आरोग्याची व्याख्या मोठी आहे. रोग नसणे एवढ्याने भागत नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती असली तरच माणूस निरोगी, असे तिथे म्हटले आहे. परिचर्येच्या पहिल्या वर्षाला ही व्याख्या आम्ही सगळ्याजणी पाठ करतो. त्यातला 'सामाजिक' हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिला जातो आणि पुढे विसरला जातो. आजचा लेख त्या शब्दाविषयी आहे, आणि ध्यानाविषयीही.

मी मूळची मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीची. शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहते. गेली दोन वर्षे रोज सकाळी थोडा वेळ ध्यानाला बसते. त्याचा मला उपयोग झाला आहे, हे आधीच सांगते. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून वाचकांनी मला ध्यानाची विरोधक समजू नये.

एक शब्द, दोन अर्थ

मराठीत 'समता' हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. विपश्यनेच्या शिबिरात समता म्हणजे मनाचा तोल. सुखद वाटले तरी हुरळायचे नाही, दुखले तरी चिडायचे नाही, जे आहे ते पाहत राहायचे. पालीत त्याला उपेक्खा म्हणतात. गीतेतले समत्वही याच घराण्यातले. दुसरी समता चळवळीतली. १९२८ साली समाज समता संघाचे 'समता' हे पत्र निघाले, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तिथे समता म्हणजे माणसामाणसांतली बरोबरी. पाणवठा एक, पंगत एक, वागणूक एक.

पहिली समता ज्याची त्याने आतून मिळवायची असते. दुसरी सगळ्यांनी मिळून बाहेर आणायची असते. गोंधळ होतो तो पहिली सांगून दुसरी टाळली जाते तेव्हा.

श्वासाचा उपयोग किती?

सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे. अर्धशिशीच्या त्रासाने हैराण होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. १९६९ साली भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले. दहा दिवसांच्या या शिबिराला फी नाही. सगळे एकाच सभागृहात बसतात. बोलणे बंद, त्यामुळे शेजारच्याला 'तुम्ही कोणाचे' हे विचारायची सोयच नाही. श्वास हिंदूचा वेगळा आणि मुसलमानाचा वेगळा नसतो. गरिबाचा आत जातो तसाच श्रीमंताचाही. आपल्या समाजात अनोळखी माणसे आडनाव न विचारता दहा दिवस शेजारी बसतात, ही गोष्ट लहान नाही.

शरीरावर काय परिणाम होतो? स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष दिले की श्वास आपोआप संथ होतो, नाडी खाली येते, आवळलेले स्नायू सैल पडतात. २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ३५१५ माणसे होती. चिंता, उदासी आणि दुखणे यांत ध्यानाने थोडी सुधारणा होते, असे त्यांना आढळले. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. औषधांपेक्षा किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ध्यान हा चांगला सोबती आहे, पण सर्व रोगांवरची मात्रा नव्हे.

'पूर्ण नाव काय?'

आता बाहेरची गोष्ट. पुण्यात नवीन मुलगी आली की पहिला प्रश्न नावाचा, आणि दुसरा 'पूर्ण नाव काय?' हा. विचारणाऱ्याला वडिलांच्या नावाशी कर्तव्य नसते, आडनाव हवे असते. त्यावरून उलगडा झाला नाही तर 'कुठल्या वाडीची?' हा तिसरा प्रश्न तयारच असतो. मी या लेखात माझे आडनाव सांगत नाही. ते कळले की लेखातले अर्धे म्हणणे काहींना पटेनासे होईल आणि काहींना न वाचताच पटेल.

आडनाव कळल्यावर माझ्या खोलीतल्या पाण्याच्या कळशीजवळ एक वेगळा पेला आला. कोणी काही बोलले नाही, भांडणही झाले नाही. पण रात्री झोप लागेना, सकाळी पोटात गोळा येई. मी जिला सांगितले ती मैत्रीण प्रेमळ होती. तिने सल्ला दिला, "मनाला लावून घेऊ नकोस गं. ध्यान कर, सगळं शांत होईल. आपण शेवटी सगळे एकच आत्मा आहोत."

आपण सगळे एकच असलो तर पेले दोन कशाला? ज्याला ओळख विचारलीच जात नाही, त्याला 'ओळख विसरा' म्हणणे सोपे असते. माझी ओळख मी मिरवायला काढली नव्हती, ती माझ्याकडून विचारून घेतली गेली. अपमानाने धडधडणारी छाती हा काही कोत्या मनाचा दोष नाही. अपमान झाला की शरीर धोक्याची घंटा वाजवते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते. वर्षानुवर्षे हे चालले तर त्याची किंमत हृदयाला आणि मनाला मोजावी लागते. सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेला दिलेल्या अहवालात हेच बजावले आहे. माणूस कोणत्या परिस्थितीत जन्मतो, राहतो आणि राबतो यावर त्याचे आयुष्यमान ठरते, आणि सामाजिक विषमता माणसे मारते.

विषमता फक्त जातीची नसते. आमच्या खोऱ्यात पुण्या-मुंबईची मंडळी आता शांतता शोधायला येतात. यावे, आनंदच आहे. पण त्यांच्या चटया झटकणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बाया जवळच्याच वाड्यांवरच्या असतात. पावसाळ्यात जिथे धो धो पाणी कोसळते तिथेच उन्हाळ्यात हंडा घेऊन चालायची वेळ येते, हे घाटमाथ्यावरच्या बायकांना सांगायला नको. अशा बाईने वीस मिनिटे डोळे मिटून कधी बसायचे? निवांतपणाची वाटणीही सारखी नाही. तिच्या दारात नळ आला तर तिच्या मनःशांतीला तो पुष्कळ हातभार लावील.

शांत मन कशासाठी?

ताम्हिणी घाट उतरून निजामपूर-माणगाववरून दक्षिणेला गेले की महाड लागते. तिथले चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली. प्रत्युत्तर द्यायला माणसे तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. मग सुरू झाली कोर्टाची लढाई. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागेपर्यंत ती चालली. मनाचा तोल काय असतो, हे यापेक्षा चांगले कुठे दिसेल? तो तोल अन्याय सोसण्यासाठी नव्हता, दहा वर्षे लढण्यासाठी होता.

पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी एक प्रश्न घातला आहे. बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांची सेवा करणारा म्हणून? ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला वाटते. डोळे उघडल्यावर आपण घरातल्या मोलकरणीला कोणत्या कपात चहा देतो, यावरून सकाळच्या बैठकीचा कस लागतो.

माझ्यापुरते सांगायचे तर मी ध्यान सोडले नाही. उलट पेल्याविषयी वसतिगृहाच्या बाईंशी बोलायला गेले त्या दिवशी दहा मिनिटे श्वास पाहूनच गेले. आवाज कापला नाही, रडू आले नाही, जे सांगायचे ते क्रमाने सांगता आले. पेला हलला. मने किती हलली, ते मी सांगू शकत नाही.

वाचकांसाठी चार गोष्टी

ध्यानाला गुरू, आसन किंवा डोंगरच हवा असे नाही. खुर्चीत बसले तरी चालते. पाठ सरळ ठेवा, नैसर्गिक श्वास आत-बाहेर होताना पाहा, तो मुद्दाम रोखू नका. मन भटकले तर न रागावता परत आणा. रोज दहा मिनिटांपासून सुरुवात पुरे.

रक्तदाब, मधुमेह किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा नुकताच मोठा धक्का बसला आहे त्यांनी लांबच्या मौन शिबिरापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोळे मिटल्यावर घाबरे वाटू लागले तर थांबावे, त्यात कमीपणा नाही.

झोप न लागणे, सतत उदास वाटणे, जीव नकोसा होणे यांवर केवळ ध्यानाच्या भरवशावर राहू नये. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

आणि शेवटचे, पालकांना आणि शिक्षकांना. मूल अपमानाची गोष्ट सांगत आले तर आधी ती पूर्ण ऐका. कोणी केले, कुठे केले, कितीदा केले हे विचारा, आणि त्याच्याबरोबर तक्रार करायला जा. 'मन शांत ठेव' हे त्यानंतर सांगितले तर ते त्याच्या उपयोगी पडेल.