लाज कोणी वाटून घ्यायची?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. मुलामुलींची लग्ने जमवण्याची दगदग ज्यांनी केली आहे त्यांना यातले तथ्य वेगळे सांगायला नको. आपल्या इंदूरच्या मराठी घरांना तर ही दगदग जरा अधिकच. इथे काय, देवासला काय, ग्वाल्हेरला काय, मराठी घरे मोजकी आणि त्यातली बरीचशी एकमेकांच्या नात्यातली. स्थळ बघायचे म्हटले की नजर पुण्या-नागपूरकडे जाते, आणि अलीकडे थेट परदेशाकडे.

लांबच्या स्थळांसाठी आपली एक जुनी व्यवस्था होती. पुण्याचे स्थळ आले की कुणाची तरी आत्या सदाशिव पेठेत निघायची, कुणाचा मामेभाऊ त्याच कचेरीत असायचा. मुलगा करतो काय, पगार खरा की सांगण्यापुरता, घरातली माणसे कशी, हे पंधरा दिवसांत पत्राने कळायचे. या चौकशीचा तेव्हा मुलामुलींना राग यायचा, आणि तो पुष्कळदा रास्तही होता. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. जो माणूस मुळात अस्तित्वातच नाही, त्याच्याशी त्या काळी कोणाचे लग्न ठरू शकत नव्हते.

आता विवाहविषयक संकेतस्थळांवर हजारो स्थळे घरबसल्या दिसतात. त्यांतून कितीतरी चांगले संसार उभे राहिले आहेत, तेव्हा या साधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. गडबड एवढीच झाली, की स्थळ लांबून आले आणि चौकशी मात्र मागे राहिली. हीच फट फसवणूक करणाऱ्यांनी हेरली.

त्यांची रीत आता पोलिसांना तोंडपाठ झाली आहे. मुलगा लंडनला डॉक्टर किंवा मोठ्या जहाजावर इंजिनिअर असतो. बायको वारलेली, एक लहान मुलगी. फोटो राजबिंडा. ओळख होताच तो संकेतस्थळावरचे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर नेतो, कारण तिथे कुणाची देखरेख नसते. मग रोज सकाळ-संध्याकाळ विचारपूस. जेवलीस का, आईचे गुडघे कसे आहेत, आज शाळेत त्रास झाला का. तीन-चार आठवड्यांनी तो भेटवस्तूंचे पार्सल पाठवल्याचे सांगतो, पावतीचा फोटोही धाडतो. पाठोपाठ दिल्ली किंवा मुंबईच्या विमानतळावरून ‘कस्टम’च्या बाईंचा फोन येतो. पार्सलमध्ये परकीय चलन सापडले आहे, अमुक शुल्क भरा, नाहीतर दोघांवर गुन्हा दाखल होईल. पैसे भरले की दंड निघतो, दंड भरला की कर निघतो, आणि शेवटी तो स्वतःच विमानतळावर अडकल्याचे कळते.

वास्तविक कस्टम खाते फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमा शुल्क मंडळाने हे वेळोवेळी जाहीर केले आहे. २०१९ पासून त्यांच्या पत्रव्यवहारावर एक ओळख क्रमांक छापलेला असतो, आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो.

दुसरी रीत अधिक सावकाशीची आहे. यात समोरचा माणूस पैसे मागतच नाही. तो आपल्या गुंतवणुकीच्या गोष्टी सांगतो, एक अ‍ॅप घ्यायला लावतो, पाच-दहा हजार गुंतवून घेतो. अ‍ॅपवर नफा दिसतो आणि पहिल्यांदा थोडे पैसे काढताही येतात. विश्वास बसला, मुदत ठेवी मोडून मोठी रक्कम त्यात गेली, की पैसे काढण्यासाठी आधी ‘कर’ भरा अशी सूचना येते. अ‍ॅपवरचे आकडे त्या टोळीनेच लिहिलेले असतात, हे तेव्हा उमगते.

हे काम कुणा एकट्यादुकट्या भामट्याचे राहिलेले नाही. म्यानमारच्या सीमेवर आणि कंबोडियात यासाठी बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांकडून तिथे जबरदस्तीने असे संदेश लिहून घेतले जातात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या विमानांतून तिथल्या ५४९ भारतीयांना परत आणले. म्हणजे ‘जेवलीस का’ असे विचारणारा कदाचित स्वतःच उपाशी कोंडलेला एखादा पोरगा असू शकतो. परदेशातल्या डेटा एन्ट्रीच्या नोकऱ्यांची जाहिरात पाहून हुरळणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

‘आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिले आहे ना’, असे काही जण म्हणतात. तोही भरवसा आता उरला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी २७ जणांची टोळी पकडली. ही मंडळी संगणकाच्या साहाय्याने चेहरा बदलून, सुंदर तरुणी बनून व्हिडिओ कॉलवर बोलत. सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर त्यांनी लुबाडले, आणि फसलेल्यांत भारतातले पुरुषही होते. कोणाशी काय बोलावे, आपले दुःख केव्हा सांगावे, याची लेखी टिपणे या टोळीकडे सापडली. फसतात त्या मुलीच, हा समजही यावरून सोडून द्यावा. निवृत्तीनंतर एकटे पडलेले गृहस्थ या मंडळींचे आवडते सावज आहेत.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट कधी चुकत नाही. पैशांची गोष्ट निघण्याआधी समोरचा माणूस आपल्याला आपल्या माणसांपासून वेगळे करतो. ‘घरी इतक्यात सांगू नकोस, त्यांना समजणार नाही, आपण त्यांना आनंदाचा धक्का देऊ’, हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येतेच. कारण त्याला ठाऊक असते, की ही हकीगत वहिनीच्या किंवा मैत्रिणीच्या कानावर गेली तर ती पहिल्याच दिवशी विचारील, ‘अगं, पण त्याला भेटलंय कोण?’ जुनी चौकशी हेच काम करत होती. त्रयस्थ नजर एवढेच तिचे खरे सामर्थ्य.

मग ही मुले, ही माणसे घरी का सांगत नाहीत? याचे उत्तर जरा कडू आहे. ती सांगत नाहीत, कारण आपण काय बोलू हे त्यांना माहीत असते. ‘एवढी शिकलेली, आणि कळलं नाही?’ ‘लंडनचा नवरा हवा होता ना, भोगा आता.’ आपला समाज इथे लहान. रामबागेत झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सुदामानगरात पोचते. घटस्फोटित मुलगी, चाळिशी ओलांडलेला मुलगा, नवरा गेलेली बाई यांनी पुन्हा जोडीदार शोधायचे ठरवले, की आधीच चार तोंडे वाकडी होतात. त्यात फसवणूक झाली तर ती गिळून टाकणे त्यांना सोपे वाटते. आणि ती गिळली जाते तोवर चोर पुढच्या घराकडे वळलेला असतो.

‘लोभ नडला’ असे म्हणणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. पार्सलच्या प्रकरणात पैसे भरणारी बाई बहुधा हिऱ्याच्या अंगठीसाठी भरत नाही. आपल्यामुळे दुसरा माणूस संकटात सापडला, त्याला सोडवले पाहिजे, या कळवळ्याने ती भरते. घरी आपण मुलांना जो गुण शिकवतो, त्याचाच तो गैरफायदा. ज्याने हा विश्वास विकून खाल्ला त्याला लाज नाही, आणि ज्याने विश्वास ठेवला त्याने मान खाली घालायची, हा कुठला न्याय?

ही गोष्ट आता मोठमोठ्या यंत्रणांनाही पटली आहे. गुंतवणुकीच्या या फसवणुकीला जगभर ‘पिग बुचरिंग’ म्हणत, म्हणजे खाऊपिऊ घालून डुक्कर कापणे. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने हा शब्द वापरू नका असे आवाहन केले. फसलेल्या माणसाला अशा नावाने हिणवले तर तो पोलिसांकडे यायला धजत नाही, हे त्यांनी कारण दिले. इंटरपोलला जे उमगले ते आपल्या ओटीवर आणि हळदीकुंकवात उमगायला हरकत नसावी.

सावधगिरीच्या चार गोष्टी घरोघर ठरवून घ्याव्यात. पहिली, भेटीआधी पैसा नाही. ना शुल्क, ना उसने, ना गुंतवणूक, ना दवाखान्याचे बिल. दुसरी, भेट ही प्रत्यक्ष, चारचौघांत आणि आपले कोणी सोबत असताना. जो माणूस महिनोन्‌महिने भेटीची तारीख पुढे ढकलतो, त्याचे स्थळ सोडून द्यावे. तिसरी, ओळख झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच घरातल्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला सगळे संभाषण दाखवावे. चौथी, सांगितलेली माहिती बाहेरून पडताळावी. नोकरीच्या ठिकाणी त्यांच्या अधिकृत क्रमांकावर विचारावे, फोटो गुगल लेन्सवर शोधून पाहावा. परदेशचे स्थळ असेल तर तिथल्या मराठी मंडळींत विचारावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतही मंडळे आहेत. कोणी ना कोणी ओळखीचे निघतेच. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर संशयित फोन नंबर वा बँक खाते आधीच्या तक्रारींत आहे का, हेही पाहता येते.

विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि नोंदणी करताना ओळखीचा पुरावा घेण्याचे त्यांत सुचवले आहे. पण ओळखपत्रावर नाव आणि पत्ता असतो. नोकरी, पगार आणि आधीचे लग्न यांची शाश्वती त्यातून मिळत नाही. ती आपली आपणच करून घ्यायची.

आणि एवढे करूनही फसगत झालीच तर? मग तासातासाला किंमत आहे. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. तिथून तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोचवली जाते, आणि चोराच्या खात्यात जे काही शिल्लक असेल ते रोखून धरता येते. दोन दिवस रडण्यात आणि लपवण्यात गेले तर तेही राहत नाही. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. संभाषण रागाने पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ही लागू होते. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन पुढे आला, तर तो त्याच टोळीचा दुसरा हप्ता समजावा.

आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींसाठी दोन शब्द. अनोळखी मुलीची मैत्रीची विनंती येते, व्हिडिओ कॉल होतो, त्याचे चित्रण करून पैशांसाठी धमकावले जाते. असे झाले तर एकही रुपया देऊ नका. एकदा दिला की मागणी वाढतच जाते. आईबाबांना सांगा. त्यांना सांगवत नसेल तर बाईंना, सरांना सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे असे फोटो मोठ्या संकेतस्थळांवरून हटवण्यासाठी ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सोय २०२३ पासून आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही, तो आपल्या फोनमध्येच राहतो. रागावणे नंतर होईल, आधी तुमची सुटका, एवढा शब्द पालकांनी आजच मुलांना देऊन ठेवावा.

शेवटी आपल्या मंडळांना एक सूचना. वधू-वर मेळावे आपण हौसेने भरवतो, सूची छापतो. त्याच्या जोडीला दोन-तीन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात. एखादे निवृत्त बँक अधिकारी, एखाद्या वकीलबाई, एखाद्या ज्येष्ठ शिक्षिका. आलेल्या स्थळाची चौकशी करायला आणि फसगत झालेल्याबरोबर पोलिस ठाण्यात जायला त्यांनी तयार असावे. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणारी माणसे हवीत, ही अट मात्र पहिली. याला खर्च काही नाही. येत्या पालकसभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा, आणि ‘आमच्या घरात असे होणार नाही’ असे ज्यांना वाटते त्यांनी आवर्जून यावे, अशी विनंती आहे.