उरलेले भांडवल

व्यापारात मोठी ठोकर बसली म्हणजे घरातील जाणती माणसे प्रथम काय करतात, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. गेले त्याचा शोक मागाहून होतो. आधी गोदाम उघडून उरलेला माल मोजला जातो. त्यातला विकण्याजोगा किती, खराब किती आणि बाजारात आपली पत कोणाकडे शाबूत आहे, हे पाहिले जाते. अशीच मोजणी एका खेळाडूला स्वतःच्या देहाची करावी लागली. त्याचे नाव शॉन लिव्हिंग्स्टन.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावचा हा मुलगा. उंची 6 फूट 7 इंच. बास्केटबॉलमध्ये इतक्या उंचीचा खेळाडू बहुधा बास्केटजवळ खेळतो. शॉन मात्र चेंडू हाती ठेवून सगळ्या संघाचा खेळ चालविणारा ‘पॉइंट गार्ड’ होता. उंची आणि चपळाई असा दुर्मिळ योग त्याच्या ठायी जमून आला होता. 2004 साली शाळा संपताच, महाविद्यालयाची पायरीही न चढता तो थेट एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत दाखल झाला. लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाने त्याला त्या वर्षीच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर घेतले. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

26 फेब्रुवारी 2007 रोजी शार्लट संघाशी सामना सुरू होता. शॉन बास्केटकडे झेपावला. चेंडू आत गेला नाही आणि खाली येताना डावा पाय भलत्याच कोनात वाकला. गुडघ्याची वाटी निखळली, हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले, आतील कूर्चाही फाटली. कदाचित पाय कापावा लागेल, असे त्याला रुग्णालयात सांगण्यात आले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

पाय वाचला, पण त्याला चालणेही नव्याने शिकावे लागले. शस्त्रक्रिया झाली, त्यामागून महिनोन्‌महिने व्यायाम चालला. सुमारे वीस महिन्यांनी, 2008 च्या अखेरीस, तो मायामी संघातर्फे पुन्हा मैदानात उतरला.

अशा कथा बहुधा येथेच टाळ्यांच्या गजरात संपविल्या जातात. शॉनची खरी परीक्षा मात्र येथून सुरू झाली. मायामीकडून चार सामने खेळल्यावर त्याची मेम्फिसकडे रवानगी झाली आणि मेम्फिसने त्याला सोडून दिले. मग टल्सा येथील दुय्यम साखळीतला संघ, तेथून ओक्लाहोमा सिटी. वॉशिंग्टनने 2010 साली त्याला घेतले, तेही प्रथम केवळ दहा दिवसांच्या करारावर. त्याच वर्षी, ज्या शार्लटविरुद्ध खेळताना गुडघा गेला, त्याच संघाचा पोशाख त्याने अंगावर चढविला. पुढे मिलवॉकी. 2012 या एकाच वर्षात ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन या दोन संघांनी त्याला मुक्त केले. वर्ष सरता सरता क्लीव्हलँडने जागा दिली. एके काळी ज्याच्यासाठी संघांची चढाओढ असे, तो आता दारोदार आपली उपयुक्तता पटवून देत होता.

या भटकंतीत त्याने आपला उरलेला माल मोजला. पूर्वीची उसळी परत येणार नव्हती. पण उंची कोणी हिरावून घेतली नव्हती. मैदानावरील माणसे ओळखण्याची नजर शाबूत होती. हात पूर्वीइतकाच हळुवार होता. या तिहींवर त्याने नवा खेळ उभारला. समोरचा गार्ड बहुधा त्याच्याहून बुटका असे. शॉन त्याच्याकडे पाठ करून मध्यम अंतरापर्यंत शांतपणे चेंडू नेई, एकदम वळे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाताला न पोहोचणाऱ्या उंचीवरून चेंडू सोडी. त्यात धावण्याची शर्यत नव्हती, धोक्याची झेपही नव्हती.

2014 साली गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेतले. हा संघ लांबून तीन गुणांच्या फेकी करण्यासाठी प्रसिद्ध. शॉन तर तशी फेक क्वचितच करी. तरीही राखीव खेळाडू म्हणून येऊन तो संघाचा एक आधार झाला. 2016 च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात स्टेफन करी आणि क्ले थॉम्पसन या दोन्ही ताऱ्यांचे हात चालेनात, तेव्हा शॉनने 20 गुण मिळवून सामना सावरला. ती मालिका पुढे संघाने गमावली. परंतु 2015, 2017 आणि 2018 अशी तीन अजिंक्यपदे त्याच्या वाट्याला आली. 2019 साली तो निवृत्त झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. अठराव्या वर्षी ज्याच्याकडून जे अपेक्षिले होते, ते शॉन कधीच झाला नाही. ‘ऑल-स्टार’ सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. जुन्या अपेक्षेच्या मापाने मोजले तर त्याच्या खात्यात तूटच दिसेल. ते माप त्याने स्वतःच बाजूला ठेवले, म्हणूनच पुढची बारा वर्षे उभी राहिली.

दुसरीही एक गोष्ट. केवळ जिद्दीने सारे साधते, असे म्हणणे सोपे असते. शॉनपाशी जिद्द होतीच. पण कुशल शल्यचिकित्सक होते, रोजचा व्यायाम करवून घेणारी माणसे होती, आणि पडलेल्या माणसाला दहा दिवसांची का होईना, संधी देणारे संघ होते.

आपल्या नात्यागोत्यात असा एखादा तरी असतो: कोणाची पेढी बसली, कोणाचा भागीदार फिरला, कोणाला आजाराने दुकानातून उठविले. कार्यप्रसंगी भेट झाली की आपण आपुलकीनेच विचारतो, “पूर्वीसारखे केव्हा होणार?” प्रश्न प्रेमाचा खरा, पण तो त्याला पुन्हा जुन्याच मापासमोर उभा करतो. त्याऐवजी त्याच्याजवळ बसून उरलेला माल मोजू लागावे. त्याची नजर, त्याची जबान, त्याची गिऱ्हाइके, त्याचा अनुभव, यांतले काय शिल्लक आहे ते त्याच्यासह पाहावे. आणि जमले तर आपल्या पेढीतून दहा दिवसांचा का होईना, विश्वास उधार द्यावा. तेवढ्यावरही एखादे दुकान पुन्हा उघडते.