ओशिन : गुण आणि दोष



‘ओशिन’ ही जपानी मालिका १९८३-८४ साली तिकडच्या एनएचके वाहिनीवर लागली. पंधरा-पंधरा मिनिटांचे तब्बल २९७ भाग! घरच्या गरिबीमुळे सात वर्षांच्या ओशिनला तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात परक्या घरी कामाला जावे लागते. लेखिका सुगाको हाशिदा यांनी भूक, थंडी आणि आईची माया अगदी खरी उतरवली आहे. डोंगरात भेटलेला शुन्साकू तिला लिहा-वाचायला शिकवतो, तो भाग तर मुलांनी जरूर पाहावा.

दोष सांगायचा तर, संकटांची रांग संपतच नाही. ओशिन निमूटपणे सोसते म्हणून आपण तिचे कौतुक करतो. तिला सोसायला लावणारे मात्र सहज सुटतात.

इथे दोह्यातही आपल्यापैकी काहींच्या घरी काम करणाऱ्या ताई स्वतःची मुले मायदेशी ठेवून आल्या आहेत. कतारच्या २०१७ च्या कायद्याने त्यांना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी दिली आहे. ओशिनसाठी डोळे पुसणारे आपण ती सुट्टी न मागता देतो का? मुलांनो, आज घरी गेल्यावर हे आईबाबांना नक्की विचारा.