किरकोळ दुरुस्तीची कसोटी

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यास ‘कर्नेल’ म्हणतात. कळफलकापासून नेटवर्क कार्डापर्यंत निरनिराळ्या उपकरणांचे या गाभ्याशी संधान बांधणारा आज्ञासंच म्हणजे ‘ड्रायव्हर’ होय. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स कर्नेलचा सर्वांत मोठा भाग ड्रायव्हरांनीच व्यापला आहे.

या भागासाठी येणाऱ्या पुष्कळशा दुरुस्त्या किरकोळ असतात. कोणी ओळींची मांडणी सुधारतो, कोणी अनावश्यक वाटणारा मजकूर गाळतो. अपेक्षित दर्जास न पोचलेल्या ड्रायव्हरांसाठी 2008 पासून ‘स्टेजिंग’ नावाचा विभागच आहे. तेथे साफसफाई करता करता अनेक नवशिके हे काम शिकतात. अशा दुरुस्त्या वरवर पाहून संमत कराव्यात, असा मोह परीक्षकास होणे स्वाभाविक आहे. परंतु तो घातक आहे.

एखाद्या ड्रायव्हरमध्ये उपकरणाचे स्थितिदर्शक रजिस्टर वाचले जाते, पण वाचलेले मूल्य पुढे कोठेच वापरलेले नसते. ती ओळ निरर्थक वाटते. वस्तुतः कित्येक उपकरणांत रजिस्टर वाचणे हीच उपकरणाच्या हाकेची पोच असते. वाचताक्षणी तेथील खूण पुसली जाते. ती ओळ गाळली तरी कंपायलर तक्रार करीत नाही. उपकरण मात्र पुनःपुन्हा हाक देत राहते आणि संगणक तिच्यातच गुंतून पडतो.

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये परीक्षणाची कसोटी पाहण्याकरिता मुद्दाम सदोष दुरुस्त्या धाडल्या. त्यावरून 2021 मध्ये वाद उसळला, तेव्हा त्या विद्यापीठाकडून आलेल्या 435 दुरुस्त्या पुन्हा तपासण्यात आल्या. मुद्दाम सदोष केलेली एकही दुरुस्ती कर्नेलमध्ये शिरली नव्हती. तरीही 39 दुरुस्त्या चुकीच्या निघाल्या. दोष केवळ कपटानेच शिरतो असे नव्हे, हाच याचा बोध.

म्हणून नवशिक्यांना दार बंद करावे काय? मुळीच नाही. आजचा नवशिकाच उद्याचा परीक्षक होणार आहे. मात्र प्रत्येक दुरुस्तीचा हेतू एकच असावा, तिचे कारण स्पष्ट लिहिलेले असावे आणि ती प्रत्यक्ष उपकरणावर पारखली की केवळ कंपाइल करून पाहिली, हे पाठविणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगावे. परीक्षकानेही नकार देताना त्याचे कारण द्यावे. दुरुस्ती लहान असली, तरी ज्या यंत्रांत ती जाते त्यांची संख्या लहान नसते.