आकडीची गोळी आणि पोटातली भीती
फिनोबार्बिटोन, म्हणजे घराघरांत ‘गार्डिनल’ नावाने माहीत असलेली आकडीची गोळी. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या डॉक्टरांना दिसले की झोपेच्या या औषधाने आकडीही कमी होते. तेव्हापासून ती वापरात आहे.

या गोळीने पोटातला अवयव आपोआप फुटतो का, असे पालक आम्हाला विचारतात. उंदरांना ही गोळी दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या यकृतात गाठी झाल्या, हे खरे. यकृतातली गाठ कधीकधी फुटून रक्तस्राव होतो, हेही खरे. पण माणसांत या गोळीने गाठी होतात, याचा पुरेसा पुरावा मिळालेला नाही. एखाद्या रुग्णाची पानथरी फुटली आणि तो ही गोळी घेत होता, एवढ्यावरून गोळी दोषी ठरत नाही. मलेरियातही पानथरी सुजून फुटू शकते. एका रुग्णाची हकीकत शोधाची दिशा देते, निकाल देत नाही.

मात्र एक धोका पक्का आहे. गोळी अचानक बंद केली तर आकडीवर आकडी येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून शंका आली तर गोळी न थांबवता डॉक्टरांना विचारा. पोटात एकाएकी तीव्र कळ आली, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, तर थेट दवाखाना गाठा. गोळ्यांची पट्टी सोबत न्या. या गोळीमुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि संततिनियमनाच्या गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून बाकीची औषधेही डॉक्टरांना सांगा.