चीजचे चीज

वाचकभगिनींनो, फराळाविषयी मी यंदा एक अक्षरही लिहिणार नाही. अनारसा का हसला आणि चकली का मऊ पडली, हे सांगणाऱ्या सुगरणी ह्या अंकात पुष्कळ असतील. मी लिहिणार आहे ते भाऊबीज उलटल्यानंतरच्या दिवसांविषयी. त्या दिवसांत डब्यांची झाकणे उघडायचा कंटाळा येतो, तळणीचा वासही नकोसा होतो आणि काहीतरी गरम, मऊ, पोटभरीचे, पण पोटात धोंडा होऊन न बसणारे खावेसे वाटते. अशा वेळी आमच्या घरी अलीकडे चीज लागते.

‘चीज’ हा शब्द लिहिताना मराठीच्या मास्तरणीचा हात थोडा अडखळतो. आपल्याकडे हा शब्द आधीपासूनच ठाण मांडून आहे. फारसीतून आलेली ‘चीज’ म्हणजे वस्तू, आणि तीही मोलाची. गवई बैठकीत गातो ती चीज स्त्रीलिंगी. कष्टांचे होते ते चीज नपुंसकलिंगी. आता हे तिसरे आले, डब्यातले, लॅटिन ‘केसियस’च्या कुळातले. गंमत अशी की ही देवघेव उलट दिशेनेही झाली असावी. एखादी झकास गोष्ट दिसली की इंग्रज पूर्वी तिला बोलीत ‘चीज’ म्हणत. तो शब्द खाण्याच्या चीजवरून आलेला नसून हिंदुस्थानातल्या ‘चीज’वरून गेला असावा, असे १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचे म्हणणे आहे.

शब्द होता, पदार्थ मात्र आपल्याकडे नव्हता. आमच्या भाषेने दुधाला दोनच वाटा ठेवल्या. विरजले तर चांगले, नासले तर वाईट. ‘नासणे’ हे एकच क्रियापद दुधालाही आणि घरादारालाही! तरी बाराव्या शतकातल्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त तापलेले दूध आंबट घालून फाडायचे, फडक्यात गाळायचे, त्यात तांदळाचे पीठ मिसळून गोळ्या तळायच्या आणि पाकात सोडायच्या, अशी कृती दिली आहे. म्हणजे कल्याणीच्या राजाच्या मुदपाकखान्यात दूध हौसेने नासवीत होते. (मराठीच्या जुन्या खुणा शोधायला आम्ही ह्या ग्रंथाकडे जातो, पाककृती वाचत बसतो आणि तास बुडतो.)

पण मी आज चीजकडे वळले ती काही व्युत्पत्तीच्या नादाने नव्हे. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, वॉकर धरून चालूही लागल्या, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. दोन घास वरणभात आणि अर्धी वाटी ताक. दातांची कवळी सैल झालेली, त्यामुळे पोळी नको. पिठले वातूळ म्हणून नको. दुधाचा पेला पाहिला की तोंड फिरवीत. अंड्याचे नाव काढायची तर सोयच नाही. वजन ४४ किलोंवरून ३८ वर आले. डॉक्टर म्हणाले, “ह्यांच्या पोटात प्रथिने जाऊ द्या, नाहीतर स्नायू झडतील आणि मग चालणे बंद होईल.” आणि निघता निघता दारातून, “रक्तदाब आहे, मीठ बेताने.”

सांगणे सोपे. माणूस खातच नाही, त्याच्या पोटात घालायचे काय?

त्याच सुमारास आमचे चिरंजीव एका मित्राच्या घरी ‘मॅकरोनी चीज’ खाऊन आले आणि तेच हवे म्हणून बसले. मी कृती मागवून घेतली आणि हिशेब मांडला. चार माणसांसाठी ५० ग्राम लोणी, अर्धा लिटर म्हशीचे दूध आणि २०० ग्राम चीज. चीजच्या १०० ग्रामांत साधारण २५ ग्राम स्निग्धांश असतो. म्हणजे एका ताटलीत ३० ग्रामांच्या आसपास नुसती चरबी! आमच्या ‘ह्यां’च्या छातीत दोन वर्षांपूर्वी नळी बसवलेली आहे. ही ताटली त्यांच्यापुढे ठेवायची माझी छाती नव्हती.

मात्र त्यातला पांढरा रस्सा पाहताच मला ओळख पटली. ही तर आपल्या पिठल्याचीच गोरी बहीण! तिथे बेसन, इथे मैदा. तिथे ताक किंवा पाणी, इथे दूध. मैदा लोण्यावर परततात तो कच्चेपणा जावा आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून. कच्चेपणा घालवायला लोणीच हवे असे नाही. मी कणीक कोरडीच मंद आचेवर खमंग भाजली, निवल्यावर गार दुधात कालवली आणि मग चुलीवर ठेवून ढवळत राहिले. गुठळी एक नाही आणि लोण्याचा पत्ता नाही.

दुधाचे म्हणाल, तर ह्या बाबतीत मुंबईने सगळ्या देशाला वाट दाखवली आहे. म्हशीच्या दुधात ६-७ टक्के स्निग्धांश. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश उतरवायचा, पण बाकीचे सत्त्व राखायचे, ही ‘टोन्ड’ दुधाची युक्ती दारा खुरोडी यांनी १९४६ साली मुंबईत अमलात आणली. आरे वसाहत उभी करण्यातही ते होते. पुढे १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज पिशवीवर ३ टक्के लिहिलेले असते ते दूध हेच. त्यांनी शहराच्या दुधाचे जे केले, तेच मी माझ्या पातेल्यात करीत होते. चरबी काढायची, पण भरीवपणा काढायचा नाही.

भरीवपणा आणायला मी दोन गोष्टी घेतल्या, फ्लॉवर आणि पनीर. पनीर आणि चीज दोन्ही दुधाचीच लेकरे, पण स्वभाव निराळे. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी चहाच्या सुट्टीत मला ते समजावून दिले. पनीर आंबट घालून फाडलेले. आंबटपणाने दुधातला चुना सुटून निवळीबरोबर निघून जातो, म्हणून ते कितीही तापवले तरी वितळत नाही. चीज विरजण आणि रेनेट घालून बांधलेले. त्यात चुना शाबूत राहतो, म्हणून ते वितळते, ताणले जाते. आपल्याकडच्या डब्यातले चीज ह्याही पुढचे आहे. तयार चीज किसून, विशिष्ट क्षार घालून पुन्हा शिजवायचे, म्हणजे त्याचे तेल वेगळे पडत नाही. थून गावच्या गेर्बर आणि श्टेटलर ह्या दोघा स्विस गृहस्थांनी १९११ साली सोडियम सायट्रेट वापरून हे साधले. आमचे सहकारी म्हणाले, “बाई, लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र केला की फसफसून तेच तयार होतं.” रसायनशास्त्र इतक्या कमी खर्चात मला कोणी शिकवले नव्हते.

तेव्हा चीजने वास आणि चव द्यावी, पनीरने अंग द्यावे, अशी वाटणी मी केली. आणि मग आईंनी विचारले, “अगं, त्यात वासराचं काहीतरी घालतात म्हणे?”

त्यांनी हे नवी नवरी असताना कोणाकडून तरी ऐकलेले. तेव्हापासून चीजला त्यांनी हात लावलेला नाही. चिरंजीव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आजीला सांगूच नकोस ना! पांढरी कढी म्हणून वाढ.” ह्यांचेही मत थोडेफार तसेच होते. औषध म्हणून समजा, म्हणाले.

मला ते मान्य नव्हते. आंधळ्या विश्वासाने जे माणूस माझ्या हातचे जेवते, त्याच्या पानात मी गुपचूप काही घालणार नाही, मग ते पथ्याचे असो की औषधाचे. शिवाय आईंना कळले असते, तर त्यांनी माझ्या हातचे ताकसुद्धा सोडले असते. मी पाकीट आणि त्यांचे भिंग घेऊन त्यांच्याशेजारी बसले. सांगितले ते सगळे खरेच सांगितले. रेनेट हे पूर्वापार दूधपित्या वासराच्या जठरातून काढीत, हे खरे. इटलीच्या पार्मिजानो रेजानोसारख्या नामांकित चीजांत आजही नियमाने तेच लागते, हेही खरे. पण आता एका जातीच्या बुरशीपासून तेच काम करणारा पदार्थ काढतात. ह्या पाकिटावर तसे छापले आहे आणि हिरवा ठिपकाही आहे.

“बुरशी?” आई भिंग खाली ठेवीत म्हणाल्या. “म्हणजे वासरू नको, तर बुरशी खा!”

मी काही बोलले नाही. दोन दिवस तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, “इडलीचं पीठ फुगतं तेही कसल्या कसल्या जंतूंनीच ना? कर तुझं ते. एकादशीला मात्र मला वाढू नकोस.”

तर भगिनींनो, कृती अशी. दीडशे ग्राम मॅकरोनी उकडून घ्यावी. म्हाताऱ्या माणसासाठी पाकिटावर लिहिल्यापेक्षा तीन-चार मिनिटे जास्त. मध्यम फ्लॉवरचा अर्धा गड्डा वाफवावा. त्यातला निम्मा १०० ग्राम पनीर आणि थोडे दूध घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढावा, निम्मा तुरे करून ठेवावा. हे पनीर टोन्ड दुधाचे घरीच करावे. अर्धा लिटर टोन्ड दूध, तीन चमचे भाजलेली कणीक, यांचा रस्सा दाटला की त्यात ते वाटण, मिरपूड, पाव चमचा मोहरीची पूड आणि जायफळ चवीपुरते. मोहरीची पूड विसरू नये. तिच्यामुळे थोडे चीज पुष्कळ लागते. आता पातेले खाली उतरवावे आणि मगच ६० ग्राम किसलेले चीज मिसळावे. आचेवर ठेवून उकळले, तर चीज आवळून येते, तेल सोडते आणि रबरासारखे ताणते. मीठ मुळीच घालू नये, चीजमध्ये ते हवे त्याहून अधिकच असते. मग मॅकरोनी, फ्लॉवरचे तुरे, वाफवलेले मटार आणि गाजर मिसळून भांड्यात ओतावे, वर ब्रेडचा चुरा पसरून भट्टीत तांबूस करावे. भट्टी नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे. चुरा तव्यावर वेगळा भाजून वरून भुरभुरावा. एका ताटलीत स्निग्धांश १२ ग्रामांच्या आसपास, प्रथिने १५ ग्रामांवर. ह्यांच्या डॉक्टरांनी आकडे पाहून मान हलवली. रोज नको, आठवड्यातून एकदा चालेल, म्हणाले. ह्यांनी त्यातले शेवटचे दोनच शब्द ऐकले.

पहिल्या दिवशी आईंनी अर्धी वाटी घेतली. चमच्याने एक एक मॅकरोनी उचलून, तिच्या भोकातून उजेडाकडे पाहत, सावकाश खाल्ली. मग पातेल्याकडे मान वळवून म्हणाल्या, “बुडाची खरवड काढलीस का? मला दे.” महिनोन्महिने त्यांनी काही मागितले नव्हते. मी उलथने घेऊन खरवड काढली, तेव्हा चिरंजीवही वाटी घेऊन उभे होते, पण त्या दिवशी त्यांना रिकाम्या वाटीने परत जावे लागले.

तीन महिन्यांत वजन ३८ वरून साडेचाळीसवर आले. चीजमुळेच, असे मी म्हणणार नाही. व्यायामाला येणाऱ्या बाईंचा त्यात मोठा वाटा आहे आणि एकदा भूक उघडल्यावर वरणभातही वाढला.

पनीरची निवळ ओतून देऊ नका. तिच्यात कणीक भिजवली, तर पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. आमटीतही ती खपते. आणि मॅकरोनी आवडत नसेल, तर गुरगुट्या भात करा. ही सूचना आईंची. मऊ भात खाली उतरवल्यावर चीजचा एक लहान चौकोन आणि मिरपूड घालून घोटायचा. मेतकूट घालून पाहिले, पण मेतकुटाला तूपच हवे, चीजशी त्याचे पटत नाही. भाताला मीठ घालायचे नसते, हे मी आईंना दर खेपेला सांगते आणि दर खेपेला त्या माझी पाठ वळली की मिठाची बरणी पुढे ओढतात. परवापासून ती बरणी मी वरच्या फळीवर ठेवली आहे.