पाहुणा गेला, किल्ली कुठाय?

तारकर्लीत निवास-न्याहारीवाल्या काकू पाहुणा निघाला की आधी खोलीची किल्ली मागून घेतात. आपल्या कंपन्यांना एवढंही जमत नाही!

ॲझ्युअर एडीचं २०२३ मध्ये एन्ट्रा आयडी असं बारसं झालं, सवयी त्याच. मूळ सेटिंग बदललं नाही तर कुणीही कर्मचारी, अगदी पाहुणासुद्धा, नवा पाहुणा बोलावू शकतो. कंत्राट संपतं, खातं तसंच. मग रिव्ह्यू येतो आणि साहेब डोळे झाकून 'अप्रूव्ह' दाबतात. याला तपासणी म्हणायचं?

मंडळी, ज्याने बोलावलं त्यानेच कारण लिहावं. उत्तर नाही आलं तर प्रवेश आपोआप बंद. ती सोय रिव्ह्यूत आहेच. कामं अडतील? अडू देत की. खरा पाहुणा फोन करेल, पुन्हा किल्ली देऊ. चोर काही फोन करत नाही.